दोन रंगांची टोपी: १३२ टाके आणि मागचे धागे

दोन रंगांच्या विणकामात नक्षी दिसते पुढून, पण बिघडते मागून. पुढे एका रंगाचे टाके पडत असतात तेव्हा दुसऱ्या रंगाचा धागा मागून मोकळा चालत असतो. तो आखडला की विणीला चुण्या पडतात. सैल राहिला की नक्षीच्या कडेचे टाके फुगतात. नमुना कितीही सुबक निवडा, कस लागतो तो या मागच्या धाग्यांचा. म्हणून इथे एका टोपीचे विणकाम, रंग निवडण्यापासून धुऊन वाळवण्यापर्यंत, मागच्या बाजूवर नजर ठेवून लिहिले आहे. सुलट-उलट येते आणि गोलात विणता येते, एवढे धरून चाललो आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘रंगीत डिझाइनचा स्वेटर’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन अगदी निराळी कामे येतात. छातीवर एकच मोठे बदक किंवा मोटार असेल, तर प्रत्येक रंगाची छोटी गुंडी वेगळी असते. रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवून जुना तिथेच सोडायचा. हे इन्टार्सिया. पैठणीच्या पदरावर जसा प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरतो आणि मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, त्या जातीचे हे काम. ते दोन सुयांवर, उलटून-पालटून विणावे लागते. गोलात नाही, कारण फेरी संपते तेव्हा प्रत्येक धागा आपल्या जागेच्या पार पलीकडच्या टोकाला राहिलेला असतो.

दुसरे काम म्हणजे दोन्ही रंग पूर्ण फेरीभर बरोबर न्यायचे. याला जगभर फेअर आयल म्हणतात, ते स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध असलेल्या, लांबीला जेमतेम पाच किलोमीटर भरणाऱ्या बेटावरून. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचे एक जहाज तिथे फुटले आणि खलाशांनी बायकांना या नक्ष्या शिकवल्या, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला आधार काही नाही. १९२०च्या दशकात ब्रिटनच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डने, गोल्फ खेळताना तसला स्वेटर घातला आणि बेटाबाहेर मागणी वाढली, हे मात्र खरे. त्या बेटाचा नियम साधा आहे: पूर्ण कपड्यात रंग दहा असोत, एका फेरीत दोनच. आपली टोपी या नियमाने जाते. आपल्याकडे हिमाचलमधल्या लाहौलच्या बायका लोकरीचे मोजे आणि हातमोजे विणतात, त्यांच्या रंगीत नक्षीलाही याच कुळातली म्हणता येईल.

लोकरीपासून सुरुवात. या टोपीला शेटलंडची बारीक लोकर घेतली, २५ ग्रॅमच्या गुंडीत सुमारे ११५ मीटर भरणारी. एकूण ६०-६५ ग्रॅम लागली. त्यातली अर्धी पायाच्या, म्हणजे नक्षीमागच्या जमिनीच्या, रंगाची, म्हणून त्या रंगाच्या दोन गुंड्या आणि बाकीच्यांची एकेक. ही लोकर हाताला थोडी खरखरीत लागते, आणि तोच तिचा गुण. तिचे तंतू शेजारच्या टाक्याला धरून राहतात, धुतल्यावर फुलतात, लहानसहान फटी भरून काढतात. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक. त्यावर हे काम होत नाही असे नाही, पण गुळगुळीत धागा कुणाला धरत नाही, तेव्हा ताणातली प्रत्येक चूक धुतल्यावरही जिथल्या तिथे राहते. शिकायला मोठ्या माणसाची टोपी ॲक्रिलिकमध्ये करायला हरकत नाही. एकाच कामात लोकर आणि ॲक्रिलिक मिसळायचे तेवढे टाळावे. धुतल्यावर एक आटते, दुसरे आटत नाही, आणि नक्षी लाटांसारखी वर-खाली होते. ‘४ प्लाय’ या लेबलावरही विसंबू नये. प्लाय म्हणजे पदर किती ते. जाडी किती ते नव्हे. पट्टीवर अडीच सेंटिमीटरमध्ये दोन्ही धाग्यांचे फेरे शेजारी-शेजारी, न ताणता गुंडाळावेत. फेऱ्यांची संख्या सारखी आली तरच ते दोन धागे एका फेरीत घालावेत.

रंग निवडताना डोळा हमखास फसतो. राणी आणि मोरपंखी हे साडीच्या काठाला शोभून दिसतात, पण विणीत प्रत्येक टाका तीन-चार मिलिमीटरचा. एवढ्या बारीक ठिपक्यात डोळा रंग पाहत नाही, उजेड-अंधार पाहतो. गुंड्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. राणी आणि मोरपंखी बहुतेक वेळा एकच राखाडी दिसतात, म्हणजे दोन पावलांवरून नक्षी गायब. या टोपीला पायाकडे साय रंग आणि मोहरीचा पिवळा, नक्षीकडे गडद निळा, तपकिरी आणि मंजिष्ठी तांबडा. तपकिरी आणि तांबडा फोटोत सारखेच काळपट आले, पण त्याने बिघडत नाही; ते दोघेही नक्षीच्या बाजूचे, एकमेकांसमोर एका फेरीत येतच नाहीत. पायाचे सगळे रंग उजळ, नक्षीचे सगळे गडद, आणि मधला एकही नाही, हे जमले की अर्धे काम झाले.

गडद धागा विणायच्या आधी भिजवून पाहावा. तांबड्या आणि निळ्याचा १५ सेंटिमीटरचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबून रात्रभर ठेवायचा. डाग पडला तर लडी सोडून, दोन-तीन पाण्यांत स्वच्छ धुऊन, पाणी नितळ आल्यावरच ती विणायला घ्यावी. नाहीतर टोपी पूर्ण होईल, पहिल्या धुण्यात साय रंग गुलाबी होईल, आणि त्यावर मग उपाय नाही.

नमुन्याचा तुकडा करायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. एकरंगी कामात तो एखाद्या वेळी खपतो, इथे खपत नाही. शिवाय तो तुकडा सुलट-उलट विणून उपयोग नाही, कारण टोपी गोलात जाणार, म्हणजे उलट सुई तिथे येणारच नाही. आणि बहुतेकांची उलट सुई सुलटीपेक्षा सैल असते. गोल सुईवर ४० टाके घातले, एक ओळ सुलट विणली, ती न उलटता टाके सरकवून सुईच्या दुसऱ्या टोकाला आणले, दोन्ही धागे मागून भरपूर सैल ओढून घेतले आणि पुन्हा उजवीकडून सुलट विणले. मागे लोंबते धागे राहतात, कडा वेड्यावाकड्या येतात. येऊ द्याव्यात, मोजायचे मधले १० सेंटिमीटर, तेही तुकडा धुऊन वाळवल्यावर. १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुईवर इथे १० सेंटिमीटरमध्ये २६ टाके आणि ३० ओळी भरल्या.

आता आकडेमोड. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर. टोपी डोक्यापेक्षा पाचएक सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे ५१. दर सेंटिमीटरला २.६ टाके, ५१ने गुणले की १३२.६. घेतले १३२. हा आकडा पथ्यावर पडतो, कारण तो ४, ६ आणि १२ या तिन्हींनी भागला जातो आणि छोट्या-मोठ्या बहुतेक नक्ष्या याच मापाच्या असतात. हेच काम १० सेंटिमीटरला २८ टाक्यांनी पडले तर १३२ टाक्यांची टोपी ४७ सेंटिमीटरची होते, म्हणजे लहान मुलाची. २४ने पडले तर ५५ची, म्हणजे कानांवरून खाली घसरणारी. चार टाक्यांचा फरक आणि आठ सेंटिमीटरची तफावत. एकरंगी टोपी ताणून बसते. इथे मागचे धागे ताणू देत नाहीत, म्हणून मापात सूट मिळत नाही. मोज्यांत तर हे आणखी नडते: पावलाला नीट बसणारा दोन रंगांचा मोजा टाचेवरून चढतच नाही. त्याचा घेर टाच आणि पावलाची वरची बाजू यांच्याभोवती तिरका मोजून धरावा.

टोपीची खालची पट्टी १२ नंबरच्या, म्हणजे २.७५ मिलिमीटरच्या सुईवर, १२० टाक्यांची. दोन सुलट दोन उलट, म्हणजे रिब, निळ्या रंगात, १२ फेऱ्या. साधारण चार सेंटिमीटर. दोन रंगांची पट्टीही करता येते: सुलट टाके एका रंगाचे, उलट दुसऱ्या. दिसते फार देखणी, पण तिच्यातही मागे धागे चालतात, म्हणून ती रिबसारखी ताणत नाही. स्वेटरच्या खालच्या काठाला ती शोभते; डोक्याला नको. करायचीच असेल तर दोन गोष्टी जपाव्यात. रंग आला त्या पहिल्या फेरीत उलट टाकेही सुलटच विणायचे, नाहीतर खालच्या रंगाचे ठिपके वर उमटतात. आणि उलट टाक्यासाठी धागा पुढे आणला की तो टाका होताच मागे न्यायचा. तो पुढेच राहिला तर पुढच्या रंगाच्या टाक्यांवरून आडवी दोरी जाते. ही चूक तिथल्या तिथे दिसत नाही, दोन फेऱ्यांनी दिसते.

पट्टी झाल्यावर १० नंबरची सुई घेतली, रंग साय केला, आणि दर १० टाक्यांनंतर दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पीळ देऊन विणला. असे बारा वाढले: १३२. फेरीच्या सुरुवातीला एक खूणरिंग, आणि दर १२ टाक्यांनी वेगळ्या रंगाची एकेक. या अकरा रिंगांनी पुढे फार काम वाचते. नक्षी एका टाक्याने सरकली तर ती त्या बारा टाक्यांतच पकडली जाते; १३२ टाके संपल्यावर ‘एक उरला’ असे कळण्याला काही अर्थ नाही.

नक्षीचा आराखडा खालून वर आणि गोलात नेहमी उजवीकडून डावीकडे वाचायचा. आराखड्यावर मोजपट्टी ठेवायची ती विणत असलेल्या ओळीच्या वर, खाली नव्हे. विणून झालेल्या ओळी उघड्या राहतात आणि ‘हा गडद टाका खालच्या गडद टाक्याच्या डावीकडे एक’ असे जुळवून पाहता येते. सवय झाली की आकडे मोजावे लागत नाहीत, खालची फेरीच पुढचे सांगते. स्वतः नक्षी काढणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: आलेख कागदाचा चौकोन चौरस असतो, टाका नसतो. आपल्या मापात १२ टाके म्हणजे ४.६ सेंटिमीटर आणि १२ फेऱ्या म्हणजे ४. कागदावरचे गोल फूल विणीत थोडे चपटे येणार. ते खटकत असेल तर दोन ओळी वाढवाव्यात.

नक्षीच्या एकूण ३० फेऱ्या अशा बसवल्या: दोन साध्या, तीन फेऱ्यांची चार टाक्यांची बारीक वेल, पुन्हा दोन साध्या, मग १५ फेऱ्यांचा बारा टाक्यांचा मोठा पट्टा, दोन साध्या, पुन्हा तीनची वेल, शेवटी तीन साध्या. मोठ्या पट्ट्यात पहिल्या चार फेऱ्या नक्षी निळी, पुढच्या दोन तपकिरी, मधल्या तीन तांबड्या आणि तिथून उलट्या क्रमाने पुन्हा निळ्यापर्यंत. पाया पूर्ण साय रंगाचा, फक्त त्या मधल्या तीन फेऱ्यांत मोहरीचा. पाहणाऱ्याला वाटते सात-आठ रंग एकदम विणले आहेत. हातात कोणत्याही क्षणी दोनच धागे असतात. रंग नक्षीच्या मधोमध, आरशासारखे दोन्ही बाजूंना बदलायचे आणि सगळ्यांत भडक जोडी मधल्या फेऱ्यांना द्यायची. शेटलंडच्या विणकामाची सगळी जादू इथे आहे.

आता हात. धागे धरायच्या तीन पद्धती आहेत: दोन्ही उजव्या हातात, दोन्ही डाव्या हातात, किंवा एकेका हातात एक. आपल्याकडे बहुतेकजणी उजव्या हाताने धागा सुईवर टाकतात. त्यांनी पायाचा रंग नेहमीसारखा उजव्यात ठेवावा आणि नक्षीचा डाव्या तर्जनीवरून घ्यावा. पहिले दोन दिवस डावा हात लाकडाचा असल्यासारखा वागतो. तेवढे सोसले की काम दुप्पट वेगाने होते आणि धागे गुंतत नाहीत. गुंततात ते एकच हात कधी हा धागा वरून, कधी तो वरून उचलतो म्हणून. एक गुंडी डाव्या मांडीशी, एक उजव्या, दोन्ही खोलगट पातेल्यांत. जागा बदलायची नाही.

जागा न बदलण्याचे खरे कारण गुंता नाही. मागे दोन धागे चालतात त्यांतला एक नेहमी वरून जातो, दुसरा त्याच्या खालून. खालून येणाऱ्या धाग्याला टाक्यापर्यंत पोचायला किंचित लांबचा रस्ता पडतो, म्हणून त्याच्या टाक्यात थोडा जास्त धागा जातो आणि टाका पुढून मोठा, उठावदार दिसतो. वरून जाणारा रंग मागे दबतो. नक्षीचा रंग खालून, पायाचा वरून, असे ठरवले की ते शेवटच्या फेरीपर्यंत तसेच. डाव्या हातातला धागा आपोआप खालून येतो, म्हणून नक्षी डावीकडे. उद्या काम हातात घेताना अदलाबदल झाली तर त्या फेरीपासून नक्षी फिकट पडते, जणू दुसऱ्याच कुणी पुढे विणली. याला उसवण्याशिवाय उपाय नाही. धुतल्याने ते जात नाही. काम बाजूला ठेवताना ‘डावा निळा’ असे चिठ्ठीवर लिहून सुईला टोचून ठेवणे हा बाळबोध उपाय आहे, पण लागू पडतो.

मागचा धागा आखडतो कसा, हे एकदा आकड्यांत पाहिले की हात आपोआप सुधारतो. पाच टाक्यांची जागा विणीत १.९ सेंटिमीटर. पण विणताना उजव्या सुईवर टाके एकमेकांना चिकटून १.३ मध्ये बसलेले असतात. त्या अवस्थेत रंग बदलला तर मागचा धागा १.३ सेंटिमीटरचाच पडतो आणि वीण सुईवरून उतरून पसरू पाहते तेव्हा तो तिला ओढून धरतो. चुणी पडली. म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे शेवटचे पाच-सहा टाके बोटांनी उजवीकडे सारून पुरते पसरायचे आणि मग नव्या रंगाचा टाका विणायचा. धागा मुद्दाम सैल सोडायचा नाही, पसरवलेल्या टाक्यांच्या मागून सरळ जाऊ द्यायचा. मुद्दाम सोडलेला सैलपणा शेजारच्या टाक्यात शिरतो आणि तो टाका पोट सुटल्यासारखा दिसतो. एवढे करूनही ज्यांचा हात घट्टच पडतो त्यांनी टोपी उलटी करून, म्हणजे मागची बाजू बाहेर ठेवून, पलीकडच्या कडेवर विणावी. धागे नळीच्या बाहेरून जातात, त्यांना वळणावर थोडी जास्त लांबी मिळते. विचित्र वाटते, पण चालते.

धागा मागे किती टाके मोकळा न्यायचा? या जाडीला पाच-सहा टाके, म्हणजे दोन-सव्वादोन सेंटिमीटर, बिनधास्त. टोपीत सातही चालतात. हातमोजे आणि लहान मुलांचे कपडे यांत चारच्या पुढे नको; बोटे अडकतात. त्याहून लांब असेल तर मध्ये एकदा अडकवायचा. डाव्या हातातला धागा अडकवायचा असेल तर उजवी सुई टाक्यात घातल्यावर तो धागा सुईवर आडवा टेकवायचा, उजवा धागा नेहमीसारखा गुंडाळायचा आणि टाका ओढून काढताना डावा तेवढा मागे राहू द्यायचा. पुढच्या टाक्याला डावा पुन्हा खाली. धागा त्या दोन टाक्यांमध्ये धरला जातो.

हे शिकल्यावर दर दुसऱ्या टाक्याला अडकवण्याचा मोह होतो. तो आवरावा. अडकवलेल्या जागी गडद धागा उजळ टाक्यांमधून डोकावतो आणि वीण पुठ्ठ्यासारखी ताठ होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सलग दोन-तीन फेऱ्यांत त्याच टाक्यावर अडकवणे. पुढून उभी घडी पडल्यासारखी रेघ दिसते. या फेरीत चौथ्या टाक्यावर अडकवले असेल तर पुढच्या फेरीत सहाव्यावर. मोठ्या नक्षीतल्या दहा-बारा टाक्यांच्या मोकळ्या जागांना मात्र खरे उत्तर नक्षीतच आहे: नॉर्वेच्या स्वेटरांत अशा जागी एकेक टाक्याचे ठिपके पेरलेले असतात, ते नुसते सजावटीचे नसतात. धागा तिथे वर येऊन श्वास घेतो.

गोलात विणणे म्हणजे जिन्यासारखे चढत जाणे, त्यामुळे फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक ओळ वर असतो आणि जोडावर नक्षी एक पायरी चुकलेली दिसते. टोपीत हा जोड मागे मानेकडे ठेवला की पुरे. एकरंगी पट्टा येतो तिथे मात्र पायरी डोळ्यांत भरते. नव्या रंगाची एक फेरी विणून झाल्यावर दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर सरकवला की ती बरीचशी मिटते.

रंग बदलतात तितकी टोके लोंबतात. या टोपीत सोळा-अठरा झाली. तीन-चार फेऱ्यांनी पुन्हा लागणारा रंग तोडला नाही, जोडाजवळ मागून उभा वर नेला. साय आणि तपकिरी असेच गेले. निळा मध्ये सात फेऱ्या लागत नाही, तो तोडला. तोडताना १५ सेंटिमीटर सोडावेत, त्याहून कमी टोक सुईत ओवायला त्रास देते. गाठ मारायची नाही. गाठ पुढे येते, किंवा सुटते, किंवा दोन्ही. एकाच रंगाची गुंडी मध्येच संपली तर खऱ्या लोकरीत दोन्ही टोके उकलून, एकमेकांवर ठेवून, ओली करून तळहातांत जोरात चोळली की ती चिकटून एक होतात. ॲक्रिलिकमध्ये आणि मशिनमध्ये धुण्याजोग्या केलेल्या लोकरीत हे होत नाही.

चूक सापडली तर लगेच उसवू नये. एकच टाका चुकीच्या रंगाचा असेल तर टोपी पूर्ण झाल्यावर बोथट सुईत बरोबर रंग ओवून त्या टाक्यावरून तसाच इंग्रजी व्ही आकाराचा टाका भरावा. कुणाला कळत नाही. दोन-तीन फेऱ्या खाली एका उभ्या रांगेत गडबड असेल तर तेवढाच टाका सोडून, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढताना मागच्या दोन आडव्या धाग्यांपैकी हवा तो उचलायचा. मागचे धागे पुरेसे सैल असतील तरच हे जमते. नक्षी एका टाक्याने सरकून फेरीभर गेली असेल तर मात्र उसवणेच बरे.

माथ्याकडे आपले १३२ टाके बारा-बाराच्या अकरा पाकळ्या होतात. तीन फेऱ्या साध्या, चौथीत प्रत्येक पाकळीत दोन टाके घटवायचे: दोन टाके एकत्र सुलट विणल्यासारखे सरकवायचे, पुढचा विणायचा, सरकवलेले दोन त्यावरून ओलांडायचे. मधला टाका वर राहतो आणि पाकळीचा कणा सरळ दिसतो. एका घटाच्या फेरीला २२ टाके जातात: ११०, ८८, ६६, ४४, २२. मग एक साधी फेरी आणि एक फेरी दोन-दोनाचा एक करत; राहिले ११. धागा तोडून त्यांतून दोनदा ओवायचा आणि ओढायचा. कण्याचा टाका सगळ्या फेऱ्यांत एकाच रंगाचा ठेवला तर वरून अकरा आऱ्यांचे चाक दिसते. टाके ८८च्या खाली गेले की ४० सेंटिमीटरच्या गोल सुईला ते पुरत नाहीत. ८० सेंटिमीटरच्या सुईची तार मधून बाहेर ओढून दोन भागांत विणावे. दोन भागांच्या सांध्यावर मागचा धागा हमखास आखडतो, तिथे रंग बदलत असेल तर दोन टाके पुढे-मागे सरकवून सांधा हलवावा.

स्वेटर करायचा असेल तर शेटलंडमध्ये तोही नळीसारखाच विणतात. पुढचा उघडा भाग आणि बाह्यांची भोके जिथे हवीत तिथे पाच ते सात जास्तीचे टाके, उभ्या रेघांत दोन्ही रंग येतील असे, आणि शेवटी त्या टाक्यांच्या मधोमध सरळ कात्री. खरखरीत लोकर उसवत नाही, कडा आत दुमडून टिपली की काम झाले. गुळगुळीत लोकरीला आधी दोन्ही बाजूंनी क्रोशाची साखळी घालावी. ॲक्रिलिकला शिलाई मशिनची दुहेरी टीप मारल्याशिवाय कात्री लावूच नये.

सुईवरून उतरलेली टोपी पहिल्यांदा पाहिली की निराशा होते. टाके खडबडीत, नक्षी जराशी आक्रसलेली. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, त्यात २० मिनिटे बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. मग ५१ सेंटिमीटर घेराच्या फुग्यावर किंवा पालथ्या डब्यावर चढवून, सावलीत. खालची पट्टी डब्यावर ताणू नये, ती मोकळी लोंबू द्यावी, नाहीतर रिबचा जोर जातो. ॲक्रिलिकला इस्त्रीची वाफ दाखवायची नाही. धागा मऊ पडून लोळागोळा होतो आणि परत कधी उभा राहत नाही.

वाळायला दीड दिवस लागला. घेर साडेएक्कावन्न भरला, उंची एकवीस. टोपी उलटी करून उजेडासमोर धरली तर मोठ्या पट्ट्यात मोहरीच्या टाक्यांमागून तांबडा धागा दोन ठिकाणी डोकावतो. दोन्ही जागा अडकवलेल्या आहेत, आणि तिथे धागा सहाच टाके चालतो. म्हणजे तिथे अडकवायची गरजच नव्हती.